मदत हवी आहे: अंगठीचं माप घरच्या घरी कसं काढावं?

मांजराकाठची सून

नमस्कार मंडळी. धाकट्या दिराचा साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर ठरलाय. मुलगी हिंगोलीची, अंगठी घडवायला टाकायची लातूरला, आमच्या नेहमीच्या सराफाकडं. साखरपुड्याआधी मुलीनं इकडं येणं सासूबाईंना पटत नाही, त्यामुळं माप फोनवरच मागवलं. तिनं बोटाला दोरा गुंडाळून ५२ मिलिमीटर कळवलं. तिच्या आईनं त्याच बोटाचं मोजलं तर ५५! आणि सराफ म्हणायलेत, "मिलिमीटर राहू द्या ताई, नंबर सांगा." नंबर कसा काढतात? खरं माप कोणतं धरायचं? अंगठी बावीस कॅरेटची, पट्टी जरा रुंद, वर खडे. मुलीच्या बोटाचा सांधा जाड आहे, मूळ बारीक.

मुलीला सगळं माहीत आहे, त्यामुळं झोपेत गुपचूप माप काढायच्या युक्त्या कृपया नकोत.

टाकणखार

दोरा सोडा. तो ताणला जातो आणि मांसात रुततो, मोजणाऱ्याचा हात बदलला की आकडाही बदलतो. पोस्टकार्डाइतक्या जाड कागदाची पट्टी कापायला सांगा, रुंदी अंगठीच्या पट्टीएवढीच. बोटाच्या मुळाशी गुंडाळायची, कागद फिरला पाहिजे पण लोंबायला नको. जिथं टोकावर कागद चढतो तिथं पेनानं बारीक रेघ मारायची आणि पट्टी सरळ करून स्टीलच्या फुटपट्टीवर ठेवायची. मग सांध्यावरूनही असंच माप घ्यायचं. तुमच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचं, कारण अंगठी तिथूनच आत जाणार.

नंबरचा हिशेब सोपा आहे. बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून ४० वजा करा. ५२ म्हणजे १२ नंबर, ५५ म्हणजे १५. तीन नंबरचा फरक लहान नाही, १५ ची अंगठी १२ च्या बोटात गरगर फिरेल.

माप संध्याकाळी घ्या. गार पाण्यात भांडी घासून आल्यावर बोट आकसलेलं असतं, चुलीपुढून उठल्यावर फुगलेलं. आणि आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात ठेवा. कार्तिकातल्या गारठ्यात नेमकी बसलेली अंगठी वैशाखात साबण लावून काढावी लागते.

दुधनेचा गोटा

त्याच बोटात बसणारी जुनी अंगठी असेल तर आणखी सोपं. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचा व्यास मोजा, ३.१४ नं गुणा. साडेसोळा मिलिमीटर आला तर घेर जवळपास ५२, म्हणजे १२ नंबर. बाहेरून मोजू नका, पत्र्याची जाडी धरली जाते.

नेटवरचे छापायचे तक्ते वापरणार असाल तर प्रिंट शंभर टक्क्यांवर काढा. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन कागदात बसवायला चित्र लहान करतं. तक्त्यावर कार्डाची चौकट असते, त्यावर एटीएम कार्ड ठेवून बघा. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते, ती जुळली तरच तक्ता खरा.

साधी गोष्ट

एवढा खटाटोप कशाला? हिंगोलीत सराफ नाहीत का? प्रत्येकाकडं मापाच्या रिंगांचा जुडगा असतो, दोन मिनिटांचं काम.

मांजराकाठची सून

ते सुचवलं होतं हो. पण दागिना दुसरीकडं टाकायचा आणि इथं नुसतं माप मागायला जायचं, ह्याचा त्यांना संकोच वाटतोय.

साधी गोष्ट

मग पैंजण पॉलिशला न्या म्हणावं, जाता जाता बोटही पुढं करा.

मांजराकाठची सून

😄 पोचवते निरोप. तोवर कागदाच्या पट्टीनं आलेलं माप: मुळाशी ५३, सांध्यावर ५५. दोनदा घेतलं, तेच आलं.

टाकणखार

१४ सांगा. मूळ आणि सांधा यांच्या मधलं माप, शिवाय रुंद पट्टी जरा घट्टच बसते. तरीही जुडग्यातून खात्री झाली तर उत्तम. फक्त त्या रिंगा बारीक असतात, रुंद अंगठीसाठी अर्धा नंबर वर धरायला लावा.

सांधा ओलांडल्यावर अंगठी फिरून खडे तळहाताकडं जात असतील तर आतल्या बाजूला सोन्याचे दोन बारीक गोळे जोडून घेता येतात, बोटाला टोचत नाहीत. आणि खडे वरच्या भागातच ठेवा, मागची पट्टी साधी हवी. पुढं नंबर वाढवायचा झाला तर तिथंच कापून तुकडा घालतात. सगळीकडून खडे असले की सोनार हात लावायला कचरतो. कापताना आतल्या हॉलमार्कची जागा टाळायला सांगा. एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, असतो तिथं, १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

मांजराकाठची सून

खूप आभार. १४ कळवलाय, मागची पट्टी साधी ठेवायलाही सांगितलंय. आता सासूबाई विचारायलेत, जोडव्यांचं माप पण असंच काढायचं का?

टाकणखार

जोडव्यांची तोंडं मागं उघडी असतील तर गरज नाही, बोटावर चढवून दाबून बसवतात. बंद वळ्याची घेणार असाल तर हीच कागदाची पट्टी चालेल.