दुर्बिणीआधी बादली

मुलांना दुर्बीण दिल्याशिवाय बोटीवरून काही दिसत नाही, असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. हलत्या डेकवर १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण धरली की पक्षी कमी आणि थरथर जास्त. ७ बाय ५० ची (७ पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बरी, पण लहान मानेला जड.

त्यापेक्षा महिनोन्‌महिने पाण्यात लोंबकळणारा दोर ओढून समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत सोडा. त्यावरचे बार्नकल (दोराला घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचवाले समुद्री जीव) आधी दार लावून बसतात. थोडा वेळ बादलीला धक्का लागला नाही (हेच अवघड!), तर झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि पाणी चाळायला लागतात. दिसायला शिंपल्यासारखे, पण हे खेकड्यांचे भाऊबंद. आमच्या धाकटीच्या हाताची सावली पडली की सगळे झटकन आत. मग तासभर तोच खेळ. दोर पुन्हा पाण्यात सोडायला मात्र विसरू नका.