गरोदर बायको कोविड पॉझिटिव्ह आलीय, बाळाला काही होईल का? प्लीज लवकर सांगा

सिंहगडरोडवाला: काल रात्री रिपोर्ट आला. जिथे नाव घातलंय तिथे फोन केला तर म्हणतात आधी निगेटिव्ह होऊन या मग सोनोग्राफी. मगाशी ऑक्सिमीटर ९३ दाखवत होता. बाळाला होतो का कोविड? अनुभव असेल तरच लिहा, लिंका नकोत.

चिऊचीआई: अहो कितवा महिना? ताप किती? लस झालीय का?

पक्का_कोथरूडकर: आमच्या हिला दुसऱ्या लाटेत झालेला. सुंठ-दालचिनीचा काढा दिवसातून चारदा, पाचव्या दिवशी ठणठणीत.

पेठेतला: गरोदर बाईला चारदा दालचिनी? तुमची ही गरोदर होती का?

पक्का_कोथरूडकर: नव्हती. काढा तो काढा.

निवृत्त_सिस्टर: ९३ खरंच असेल तर इथे टायपत बसू नका, गरोदरपणात ९५ च्या खाली गेलं की डॉक्टर गाठायचा. पण आधी नेलपॉलिश पुसा, हात गार असतील तर चोळून गरम करा आणि दुसऱ्या बोटाला लावून बघा. तापाला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नको. पोटातल्या बाळाला लागण क्वचितच होते, खरी काळजी आईची, शेवटच्या तीन महिन्यांत आजार जड जातो आणि दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं.

सिंहगडरोडवाला: ३१ वा आठवडा. ताप १०१. लस नाही, आई म्हणाली बाळंतपण झाल्यावर बघू. रविवारी डोहाळजेवण झालं, नखं लालभडक आहेत.

चिऊचीआई: ओमायक्रॉनमध्ये डोहाळजेवण??? किती माणसं?

सिंहगडरोडवाला: घरचीच. चाळीस.

पेठेतला: २ जुलै २०२१ पासून गरोदर बायकांना लस चालू आहे हो. २०२२ चा जानेवारी उजाडला.

पक्का_कोथरूडकर: लशीवरून भांडायचं तर वेगळा धागा काढा.

वाकडची_नवीआई: अंगावर पाजता येतं हं! मास्क लावायचा, हात धुवायचे. मी पाजलं, बाळ निगेटिव्ह.

पेठेतला: ताई, बाळ अजून पोटात आहे.

सिंहगडरोडवाला: रिमूव्हर सापडेना, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दारात ठेवून दिलं. अंगठ्याला ९६ आलं, तिन्ही वेळा. पण ती म्हणतेय सकाळपासून बाळ नेहमीसारखं हलत नाहीये, तापामुळे असेल ना?

निवृत्त_सिस्टर: तापामुळे की कशामुळे ते घरी बसून कळायचं नाही. आत्ता निघा. फोनवर पॉझिटिव्ह आणि हालचाल कमी, दोन्ही सांगा. नाहीच घेतलं तर सरळ ससून हॉस्पिटल.

सिंहगडरोडवाला: निघालो. फाइल घेतलीय.

पक्का_कोथरूडकर: थर्मासमध्ये काढा न्या सोबत.