मदत हवी आहे: कुस्तीच्या शोंचं रेटिंग घसरलं, पण नेमकं किती?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-शो कंपनीच्या घसरत्या टीव्ही रेटिंगवर लिहितोय आणि आकड्यांत पार अडकलोय.

मे १९९९ मध्ये 'रॉ' या त्यांच्या दर सोमवारच्या शोच्या एका भागाला अमेरिकेत ८.१ रेटिंग मिळालं होतं. तेव्हा सोमवारी रात्री डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या 'नायट्रो' शोशी झुंज असे. मार्च २००१ मध्ये 'नायट्रो' बंद पडला आणि चढाओढच संपली. जुलै २०१२ पासून 'रॉ' दोनाचा तीन तासांचा झाला. माझ्या मते खरी माती तिथेच खाल्ली. सलग तीन तास बसतं कोण? (आमच्याकडे कुस्तीची दंगल दहा मिनिटं लांबली तरी लोक घड्याळ बघायचे, असं आजोबा सांगत.) पुढे केबल सोडणारे वाढले, ते वेगळंच.

आता गोची अशी: जानेवारी २०२५ पासून 'रॉ' नेटफ्लिक्सवर आहे. जुनं रेटिंग म्हणजे शो पाहणाऱ्या घरांची टक्केवारी, तीही फक्त अमेरिकेतली. नेटफ्लिक्सचे 'व्ह्यूज' म्हणजे जगभर पाहिलेले एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी. या दोघांची तुलना करायची कशी? की करूच नये?

इथे कुणी मीडिया प्लॅनिंगमध्ये आहे का? टेन स्पोर्ट्स वाहिनीवर हे शो लागायचे त्या काळातले भारतातले आकडे कुठे बघायला मिळतील, तेही सांगा. हिंदी पट्ट्याचे वेगळे मिळाले तर फारच उत्तम.