प्रति: लाउडा फुजीला घाबरला होता का?

वर कुणीतरी लिहिलंय की १९७६ ला जपानमधल्या फुजीच्या शर्यतीत, भर पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडी सोडणारा फॉर्म्युला वन चालक निकी लाउडा पळपुटा होता. अजिबात पटलं नाही.

त्याच वर्षी १ ऑगस्टला जर्मनीत नूरबुर्गरिंगच्या शर्यतीत तो जळत्या फेरारीत अडकला होता. फुप्फुसात विषारी धूर, चेहरा भाजलेला, धर्मगुरूने मरणासन्न माणसासाठीचे अखेरचे विधीही उरकलेले. आणि हा पठ्ठ्या सहा आठवड्यांत इटलीत मोंझाच्या शर्यतीला हजर! पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर हेल्मेट चढवून चौथा आला. फुजीला तर त्याच्या भाजलेल्या पापण्याही नीट मिटत नव्हत्या. इंजिन बिघडलं असं सांगू, असं संघाने सुचवलं, तर तेही त्याने नाकारलं. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद एका गुणाने प्रतिस्पर्धी जेम्स हंटकडे गेलं.

परवा रात्री मीही ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला धो धो पावसात सापडलो. हेल्मेटची काच आतून धुरकट, पुढच्या ट्रेलरचा दिवा म्हणजे नुसता लाल डाग. वेग जेमतेम वीस. मुकाट्याने कडेला थांबलो.

आणि पावसाने लाउडाचं देणं फेडलंही. १९८४ ला मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबली, जिंकलेल्या प्रॉस्टला, म्हणजे लाउडाच्या त्या वर्षीच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याला, नवाऐवजी साडेचारच गुण मिळाले. वर्षअखेरीस लाउडा तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला, अवघ्या अर्ध्या गुणाने.