वजाबाकीत गडप झालेले दिवस आणि तास: तुमचेही किस्से येऊ द्या

सुटे मणी
काल भाच्याचा फोन. "मावशी, एका तारखेतून दुसरी वजा केली तर एक्सेल १४ फेब्रुवारी १९०० म्हणतंय. मला नुसते दिवस हवेत गं." आधी पोटभर हसले. मग म्हटलं, तारीख म्हणजे एक्सेलला १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांचा आकडाच, सेलचा फॉरमॅट जनरल कर. ४५ आलं, स्वारी खूश, फोन बंद. मी मात्र तिथेच बसून राहिले. पहिली नोकरी आठवली.

हजेरी आणि ओव्हरटाइम माझ्याकडे होतं. तोवर सगळं रजिस्टरवर चालायचं, मी हौसेने शीटवर आणलं. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, वजाबाकी, खाली बेरीज. छापलं आणि वाटलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीचे एक काका समोर उभे. हातात घडी घालून घालून मऊ पडलेला कागद, त्यावर पेन्सिलीने सात रात्री एकाखाली एक, प्रत्येकीपुढे साडेपाच. "बाई, माझे साडेअडतीस होतात. तुमच्यात साडेचौदा लागलेत." आणि मी काय म्हणावं? "काका, कॉम्प्युटर चुकत नाही." (अजून कान गरम होतात.) ते काही बोलले नाहीत. कागद टेबलावर ठेवून गेले.

संध्याकाळी बोटांवर मोजलं. ३८:३०. शीटने आत बेरीज बरोबरच केली होती, पण फॉरमॅट घड्याळाचा, त्यामुळे २४ झाले की पुन्हा शून्यापासून. फॉरमॅटमध्ये तासांच्या एचभोवती चौकोनी कंस टाकले, [h]:mm असं, की २४ च्या पुढचेही दिसतात, हे त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन माफी मागितली. "असू दे, परत मोजलंत ना," एवढंच म्हणाले. मग बाकीच्यांचं तपासलं. अजून अकरा जणांचे चोवीस चोवीस तास गेले होते, आणि त्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं.

तुमचं काय काय हरवलंय असं?

उंटावरचा शहाणा
रात्रपाळी म्हटलं की मला नुसती ####### दिसतात. रात्री १० ला आत, सकाळी ६ ला बाहेर. सहातून बावीस गेले, उणे सोळा. उणे वेळ शीटला दाखवताच येत नाही, म्हणून ते कुंपण घालून मोकळं होतं. मला वाटलं रकाना अरुंद आहे. ओढला. अजून ओढला.

खारुताई
रकाना ओढत बसणं 😂😂 माझा पार पडद्याबाहेर गेला होता. कुंपण पण वाढतच जातं ना सोबत!

उंटावरचा शहाणा
हो ना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी वजाबाकी एमओडी (MOD) या बाकी काढणाऱ्या सूत्रात घातली, स्वल्पविराम, एक. मध्यरात्र ओलांडली तरी आठ तास बरोबर. मला काही न सांगता करून गेल्या आणि वर "पडदा पुसत जा जरा" म्हणाल्या.

बिनकामाचा
सुटे मणी, मी आत्ता करून बघितलं. ४५ ला माझ्याकडे १३ फेब्रुवारी येतंय. भाचा चुकला की मी? गूगल शीट्स आहे.

आजोबा नं. २
दोघेही बरोबर. चूक आमच्या पिढीची आहे. लोटस १-२-३ म्हणून प्रोग्राम होता, १९८३ सालचा. त्यात १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. ते नव्हतं. शंभराने भाग जाणाऱ्या सालाला चारशेनेही जावा लागतो, म्हणून २००० लीप, १९०० नाही. एक्सेल आलं तेव्हा लोटसच्या फायली तशाच चालाव्यात म्हणून तो न झालेला २९ फेब्रुवारी त्यांनी जाणूनबुजून ठेवून दिला. आजही ६० टाकून तारखेचा फॉरमॅट द्या, २९ फेब्रुवारी १९०० येतो. गूगलने १ हा आकडा ३१ डिसेंबर १८९९ ला देऊन तो दिवस टाळलाय. १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात. १ जानेवारी २०२४ दोन्हीकडे ४५२९२ च.

आणि जुन्या मॅकवरच्या फायली १९०४ पासून मोजायच्या. एकदा तशा फायलीतून तारखा चिकटवल्या आणि सगळ्यांच्या नेमणुका चार वर्षं एक दिवस मागे गेल्या. १४६२ दिवस. कोणी तक्रार केली नाही, सेवा वाढली होती सगळ्यांची.

बिनकामाचा
आजोबा, म्हणजे कधी झालाच नाही असा एक दिवस जगभरच्या कॉम्प्युटरांत पडून आहे? आज झोप लागणार नाही मला.

गोधडी
झोपेवरून. लेक पंधरा दिवसांची असताना तिच्या झोपेची शीट ठेवली होती मी. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, सलग किती झोपते? मी फोन बघून म्हटलं, "शून्य पूर्णांक तेरा." त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. पूर्ण दिवस म्हणजे १ आणि तास म्हणजे त्याचा तुकडा, हे मला कुठे माहीत! मग नवऱ्याने २४ ने गुणायला शिकवलं. आलं ३.१८. मी म्हणे तीन तास अठरा मिनिटं, तो म्हणे अकरा. पहाटे चारला सात मिनिटांवरून भांडलोय आम्ही. अकराच बरोबर होतं, पण मी मान्य केलं नाही.
उठली वाटतं. नंतर लिहिते.

खारुताई
अगं किती महिन्यांची झाली आता? झोप मिळतेय का तुला?

गोधडी
अकरा वर्षांची गं 😄 "उठली" म्हणजे मोबाइल मागायला उठली.

एकटा टायपिस्ट
आमच्याकडे दुसऱ्या कार्यालयातून रजांची यादी आली. आमच्या मशीनवर महिना आधी, त्यांच्याकडे दिवस आधी. १३ पासून पुढच्या तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटल्या, कारण तेरावा महिनाच नाही, म्हणून त्या नुसता मजकूर होऊन बसल्या. त्या लगेच सापडल्या. १ ते १२ वाल्या मात्र गुपचूप महिना बदलून उजवीकडे शहाण्यासारख्या उभ्या. एका माणसाने ३ एप्रिल ते ५ एप्रिल रजा घेतली होती. आमच्याकडे ४ मार्च ते ४ मे झाली. ६१ दिवस! बिचाऱ्याला नोटीस निघायची वेळ आली होती, दोन दिवसांच्या रजेसाठी.

उंटावरचा शहाणा
दोन नाही, तीन. ३, ४, ५.

एकटा टायपिस्ट
पाचातून तीन गेले दोन.

उंटावरचा शहाणा
अहो, पण तिन्ही दिवस तो घरी होता ना? वजाबाकीत एक टोक गळतं. रजा मोजताना १ मिळवायचा.

एकटा टायपिस्ट
हं. म्हणजे इतकी वर्षं मी...

आजोबा नं. २
नेटवर्कडेज (NETWORKDAYS) हे कामाचे दिवस मोजणारं सूत्र वापरा, ते दोन्ही टोकं धरतं. शनिवार-रविवार आपोआप वगळतं, सुट्ट्यांची यादी दिली तर त्याही. साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी असेल तर त्याचाच इंटल (NETWORKDAYS.INTL) नावाचा भाऊ आहे.

एकटा टायपिस्ट
आजोबा, मी आता जुन्या फायली उघडणार नाही. काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या.

रात्रीचा प्रवासी
माझा छोटा किस्सा. सिगरेट सोडली त्या दिवशी शीट केली. आजची तारीख वजा सुरुवातीची तारीख. रोज सकाळी मोठ्या उत्साहाने उघडायचो, रोज ०. आठवडाभर ०. सुरुवातीच्या सेलमध्येही मी टुडेच, म्हणजे रोज आजची तारीख दाखवणारं सूत्र, टाकला होता, तो रोज माझ्यासोबत पुढे चालत होता. बायको म्हणाली, "बरोबर दाखवतंय की." (गच्चीवरचं तिला माहीत होतं.) नंतर कोणीतरी सांगितलं, कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ दाबली की तारीख पक्की बसते, हलत नाही.

खारुताई
मग आता किती झाले??

रात्रीचा प्रवासी
पुढचा प्रश्न विचारा.

पाटीपेन्सिल
घाईत लिहितेय. वय वर्षं-महिन्यांत हवं असेल तर डेटडिफ (DATEDIF) सूत्र आहे. नाव टाइप करताना एक्सेल सुचवत नाही म्हणून मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं, ३६५ ने भागत होते आणि वाढदिवसाच्या आधीच लोकांना मोठं करत होते. फक्त त्यातलं एमडी, म्हणजे उरलेले दिवस, कधीकधी उलटसुलट येतात, त्यावर विसंबू नका.
आणि पणजोबांचा जन्म १८९६ चा. एक्सेल ती तारीख मानतच नाही, मजकूर समजतं. वंशावळीत सगळ्यांची वयं आली, ज्यांच्यापासून सुरुवात त्यांचंच नाही. लिब्रे ऑफिस या दुसऱ्या प्रोग्रामच्या शीटमध्ये आलं शेवटी.

बिनकामाचा
सगळं वाचलं, पण भाचा ते ४५ दिवस कसले मोजत होता ते कोणी विचारलंच नाही.

सुटे मणी
आत्ताच विचारलं. परीक्षेला किती उरलेत ते. आणि आता तो आकडा रोज आपोआप कमी होईल असं करून सेलला रंग देत बसलाय.

खारुताई
रंगवण्यात दहा जातील. अनुभव आहे.

एकटा टायपिस्ट
४५ परीक्षेचा दिवस धरून की सोडून?

सुटे मणी
टायपिस्टदादा, तुम्ही आज झोपा 🙏