शिवाजी विद्यापीठात कौतुक नक्की कुणाचं व्हावं? टॉप दोन टक्क्यांची यादी की माळावरचं पाणी?

सागरमाळकर:
मंडळी, विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून इथं टाकतोय, पटलं तर बोला, नाही पटलं तर खुशाल भांडा. दरवर्षी स्टॅनफर्डची ती जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी आली की आपल्या विद्यापीठातली नावं बाहेर येतात, मग बातमी, सत्कार, व्हॉट्सअॅपवर फोटोंचा पाऊस. अभिमान मलाही वाटतो, मी याच कॅम्पसवर एम.ए. केलंय. पण विद्यापीठाचं कर्तृत्व म्हणजे ही यादी, एवढंच पोरांच्या डोक्यात बसायला लागलंय आणि ते मला पटत नाही.

मला विचाराल तर या विद्यापीठाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा सागरमाळ, म्हणजे कोल्हापुरातली ही कॅम्पसची जागा, नुसता मुरमाड माळ होता. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून झाडं लागत गेली, पण पाण्याची ओरड कायमची. मग तळी, विहिरी, गाळ काढणं, माळावरून वाहून जाणारा पाऊस उताराला अडवणं, असं करत करत कॅम्पस स्वतःच्या पाण्यावर उभा राहिला. आणि २०१९ च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, चारी बाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही, तेव्हा याच माळावरून लोकांना पाणी दिलं गेलं. हे काम अभियंता विभागातल्या, उद्यान विभागातल्या, पंपावरच्या माणसांचं. त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत?

थिनफिल्मवाला:
सर, पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण यादीवर का घसरताय ते कळत नाही. मी फिजिक्सचा, पीएच.डी. इथलीच. आमच्या डिपार्टमेंटला मोठ्या आयआयटीसारखी मशिनरी कधीच नव्हती. कोट्यवधींची व्हॅक्यूम सिस्टीम नाही तर मग काय करायचं, तर बीकरमध्ये द्रावण घ्या, काच बुडवा, तापमान सांभाळा आणि त्यावर पातळ थर बसवा. केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस, या सगळ्या कमी खर्चाच्या पद्धती, आणि सी. डी. लोखंडे सरांसारख्या लोकांनी त्यातच असं काम केलं की जगभर त्यांचे पेपर वाचले जातात. कागल, गडहिंग्लज, तासगावकडची शेतकऱ्यांची पोरं त्या जोरावर कोरियाला पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी. नंतरच्या संशोधनाला, गेली, अजून जातायत. तिथल्या प्रोफेसरला कोल्हापूर नकाशावर दाखवता येणार नाही कदाचित, पण शिवाजी युनिव्हर्सिटी म्हटलं की तो मेल उघडतो. हे कौतुक करायचं नाही तर कशाचं करायचं?

सागरमाळकर:
करायचंच, मी नाही कुठं म्हणालो. पण मग सांगताना हेच सांगा ना, की बीकरात हे कसं उभं केलं. आपण सांगतो काय, तर "यादीत स्थान". काम मागं राहतं, स्थान तेवढं पुढं येतं.

मराठीची_विद्यार्थिनी:
इथं मला बोलायचंच आहे. ती यादी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून बनते. सगळं ज्ञान २२ क्षेत्रांत आणि १७४ उपक्षेत्रांत विभागून, सायटेशन (म्हणजे इतरांनी तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ), त्यावरून काढलेला एच-इंडेक्स, पेपरवर लेखकाचं नाव पहिलं की शेवटचं असं सगळं मिळून एक स्कोअर. आता सांगा, आमच्या विभागातल्या बाईंनी दहा वर्षं गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, मराठीत ग्रंथ लिहिला, तो त्या डेटाबेसमध्ये येणार कुठून? आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार, ताराबाईकालीन कागदपत्रं त्यांनी संपादित केली, मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला ती टाळून पुढं जाता येत नाही. आजच्या मापानं त्यांचा स्कोअर काय आला असता? ज्यांच्या हाताखाली हे विद्यापीठ उभं राहिलं त्यांचंच काम ज्या मापात मावत नाही ते माप आपण एकमेव म्हणून का मिरवतोय?

थिनफिल्मवाला:
पण मग दुसरं माप सांगा की ताई. माप नसलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो, ओळखीवर, गटावर, जातीवर सत्कार होतात. आकडा निदान कुणाचं तोंड बघत नाही. बाहेरच्या माणसानं, ज्याला आपलं नावगाव माहीत नाही, त्यानं मोजलेलं आहे, म्हणून खेड्यातल्या पोराला त्यात दिलासा वाटतो.

सातारकर_काका:
आकडा तोंड बघत नाही हे खरं, पण आकडा फुगवता येतो. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन सरांच्या टीमनं २०१८ मध्ये करंट सायन्स या संशोधनपत्रिकेत दाखवून दिलंय, यूजीसीच्या मान्य यादीसाठी विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १००९ जर्नल्सची तपासणी केली तर ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. का निघाली? तर २०१० पासून प्राध्यापकांचं प्रमोशन एपीआयच्या, म्हणजे पेपर वगैरे मोजून मिळणाऱ्या, गुणांवर, मग पेपर छापणारी दुकानं उघडली. आता तुम्ही म्हणाल स्टॅनफर्डची यादी आणि ती जर्नल्स वेगळी, मान्य, एकदम वेगळी. पण सवय तीच, आधी मोजता येईल ते बघायचं आणि मग तेवढंच करायचं. मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, चांगला शिकवणारा मास्तर कुठल्याच यादीत आलेला बघितला नाही.

सीएचबीवाला:
तुमची सगळ्यांची चर्चा वाचली आणि खरं सांगतो जीव तुटला. तुम्ही शाल कुणाला द्यायची यावर भांडताय, इकडं सेट नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासागणिक पैशावर राबतायत. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, मध्ये चाळीस किलोमीटर मोटरसायकल, सुट्टीच्या महिन्यात शून्य रुपये, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते कुणी सांगत नाही. नॅकच्या, म्हणजे दर्जा तपासून ग्रेड देणाऱ्या समितीच्या, वेळी मात्र फायली आम्हीच रात्री जागून लावतो. २०२१ मध्ये विद्यापीठाला ए प्लस प्लस मिळालं, ३.५२ गुण, आनंद आहे, पण अशा ग्रेडमागं कुठल्याही संस्थेत कंत्राटी माणसांचे किती हात असतात ते बघा. आम्हाला सत्कार नको. जागा भरा.

उद्यानातला_एक:
मी बोलू का. मी कॅम्पसवर नोकरीला होतो, रिटायर झालो. सीएचबीवाले सर म्हणतात ते बरोबर हाय, पोटाचं आधी. पण सत्कार नको म्हणू नका सर, माझं तेवढं ऐका. वर्धापनदिनाला गुणवंत शिक्षकांबरोबर गुणवंत सेवकाचाही मान होतो, ही आपल्या विद्यापीठाची चांगली रीत हाय. आमच्यातल्या एकाला तो मिळाला तेव्हा त्याची पोरगी स्टेजखाली उभी होती, बापाला शाल घालताना बघून तिनं पुढं शिकायचं ठरवलं आणि शिकली. उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला पहाटे यायचो आम्ही, मोरांच्या आधी. आता त्या झाडाखाली पोरं अभ्यास करत्यात, त्यांना काय म्हाईत ते कुणी लावलं. झाडाला पाटी असते, त्याच्यावर शास्त्रीय नाव असतं. लावणाऱ्याचंबी लिवा की.

थिनफिल्मवाला:
उद्यानातले काका, हे मी मनापासून मान्य करतो. तरी यादीवरचं माझं मत तेच आहे, ती थांबवू नका, आमच्या पोरांना तिचा आधार आहे. पण आमच्या लॅबचंच सांगतो, काचेची उपकरणं फुंकून देणारे, जुनी भट्टी दुरुस्त करून देणारे टेक्निशियन नसते तर निम्मे पेपर झाले नसते, आणि आम्ही त्यांचे आभार शेवटच्या ओळीत मानतो, तेही कधी कधी.

मराठीची_विद्यार्थिनी:
मग वार्षिक अहवालापासून सुरुवात होऊ शकते. त्यात शोधनिबंधांची यादी छापतातच, तशीच पाणी, उद्यान, ग्रंथालय, परीक्षा विभाग, वसतिगृह, प्रत्येक विभागानं त्या वर्षी काय उभं केलं ते चार ओळीत, माणसांच्या नावासकट. मराठी ग्रंथांचाही वेगळा विभाग. यात कुणाचं काही कमी होत नाही.

सीएचबीवाला:
त्यात तासिकेवरच्यांची संख्या पण छापा. विभागवार, मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती.

सागरमाळकर:
छापायलाच पाहिजे. अधिसभेवर (विद्यापीठाच्या सिनेटवर) निवडून गेलेले कुणी हा धागा वाचत असतील तर प्रश्न विचारायला हे दोन मुद्दे घ्या, मी मसुदा लिहून देतो, थिनफिल्मवाले तुम्ही लॅबच्या टेक्निशियनचं लिहा, आणि काका, तुम्ही झाडांचं सांगा, आम्ही उतरवून घेतो.