मदत हवी आहे: सर्व्हिसला स्वतःची 'बॅकअप' कमांड कशी जोडायची? (अल्मालिनक्स ९)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. पुस्तकांची देवघेव पोस्टग्रेस या डेटाबेसवर, सभासदांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. आधीच्या सेंटओएस ६ या लिनक्सवर इनिट.डी मध्ये (सेवा सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्टांची जुनी डिरेक्टरी) मी लिहिलेली स्क्रिप्ट होती. स्टार्ट-स्टॉपच्या खाली 'बॅकअप' अशी एक शाखा वाढवली होती. ग्रंथपाल बाई संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी 'सुडो सर्व्हिस वाचनालय बॅकअप' एवढंच टाइप करायच्या. सेवा थांबायची, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) निघायचा, फोटोंचा टार (एकत्र गठ्ठा) व्हायचा, सेवा परत सुरू. बाईंना ती ओळ पाठ आहे.

सेंटओएस ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० लाच थांबले होते. गेल्या महिन्यात एकदाचा अल्मालिनक्स ९ वर आलो आणि सेवेची युनिट फाइल (सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीसाठीची सेटिंगची फाइल) लिहिली. सुरू करणं, थांबवणं सगळं नीट चालतं. पण बाईंची ती ओळ दिली की सर्व्हिस कमांड सांगते, मी फक्त मूलभूत कृती करते, बाकीसाठी सिस्टिमसीटीएल (सिस्टिमडीची कमांड) वापरा. सिस्टिमसीटीएलला विचारावं तर तो 'बॅकअप' हे क्रियापदच ओळखत नाही.

युनिट फाइलमधल्या एक्झेकरीलोडमध्ये (रीलोड दिल्यावर चालणारी ओळ) बॅकअप बसवायचा विचार आला होता, पण उद्या कुणी सेटिंग बदलून साधा रीलोड दिला तर भर दुपारी रांग लागलेली असताना देवघेव बंद पडेल. ते मला नको आहे. बाईंची सवय न मोडता काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

आहे. तुमच्याच मशीनवर 'सर्व्हिस ऑडिटडी रोटेट' देऊन बघा (ऑडिटडी ही सिस्टिमच्या नोंदी ठेवणारी सेवा), चालेल. रोटेट हेही सिस्टिमसीटीएलचं क्रियापद नाही. यूएसआर/लिबएक्झेक/इनिटस्क्रिप्ट्स/लेगसी-ॲक्शन्स या डिरेक्टरीत ऑडिटडी नावाचं फोल्डर आणि त्यात रोटेट नावाची स्क्रिप्ट आहे. सर्व्हिस कमांड तिथे आधी डोकावते. तुम्ही शेजारी 'वाचनालय' फोल्डर करा, आत 'बॅकअप' नावाची स्क्रिप्ट ठेवा. नावाला .एसएच लावू नका आणि चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

प्रतिसाद २

वरचा उपाय बरोबर आहे, पण तो रेडहॅटच्या घराण्यापुरताच. उद्या डेबियनवर गेलात तर पुन्हा अडाल. मी असतो तर बॅकअपचं वनशॉट प्रकारचं (एकदा चालून संपणारं) वेगळं युनिट केलं असतं. त्यात कॉन्फ्लिक्ट्समध्ये मूळ सेवेचं नाव द्या, म्हणजे बॅकअप सुरू होताना ती थांबेल. सोबत क्रम ठरवणारं आफ्टरही द्याच. नुसत्या कॉन्फ्लिक्ट्सने क्रम ठरत नाही, सेवा पूर्ण थांबायच्या आत डंप सुरू होऊ शकतो. ऑनसक्सेस आणि ऑनफेल्युअर (काम यशस्वी झाल्यावर किंवा फसल्यावर काय सुरू करायचं) दोन्हीत मूळ सेवा लिहिली की बॅकअप फसला तरी सकाळी वाचनालय सुरू असेल. ऑनसक्सेस सिस्टिमडी २४९ पासून आहे, तुमच्याकडे २५२ आहे. शिवाय सगळी नोंद जर्नलमध्ये (सिस्टिमडीची नोंदवही) राहते.

आणि पीजी-डंपसाठी (पोस्टग्रेसचा डंप काढणारी कमांड) सेवा थांबवावी लागत नाही. चालू डेटाबेसचाही तो एका क्षणाचा सुसंगत डंप काढतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेवा थांबवतो ती फोटोंसाठी. डंप आणि टार यांच्या मधल्या वेळात नवा सभासद नोंदला तर दोन्हींचा मेळ बसत नाही.

दोन्ही उपाय एकत्र केले. काम वनशॉट युनिट करतं, आणि लेगसी-ॲक्शन्समधल्या स्क्रिप्टमध्ये ते युनिट सुरू करणारी एकच ओळ आहे.

आधी नुसता पहिला उपाय करून पाहिला तेव्हा एक ठेच लागली, ती इथे नोंदवतो. स्क्रिप्ट हाताने चालवली की बॅकअप योग्य जागी जायचा, सर्व्हिसमार्फत चालवली की डंप थेट रूट (/) डिरेक्टरीत पडायचा. कारण सर्व्हिस कमांड पाथ आणि टर्म सोडून बाकी सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसून मगच स्क्रिप्ट चालवते. बॅकअपच्या फोल्डरचं नाव मी टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेलं होतं, ते आत पोचतच नव्हतं. जुनी स्क्रिप्ट ते सिसकॉन्फिग या सेटिंगच्या डिरेक्टरीतल्या फाइलीतून वाचायची आणि नेमकी तीच ओळ उतरवायची राहिली होती. आता युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल म्हणून तीच जुनी फाइल दिली आहे.

काल संध्याकाळी बाईंनी नेहमीची ओळ टाइप केली, सेवा परत सुरू झाल्याचं पाहिलं आणि कुलूप लावून गेल्या.